एमआरआय म्हणतो अर्धवट, डॉक्टर म्हणतात पूर्ण

(पत्र बरंच मोठं होतं, ओळख काढून थोडक्यात देतेय.)

लिहिणारी २२ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यातली. कबड्डीत चढाईपटू आणि जोडीला पोलीस भरतीची तयारी. पाच आठवड्यांपूर्वी मॅटवरच्या मॅचमध्ये बोनसला पाय टाकला, कॉर्नरवालीने घोटा धरला, पाऊल मॅटला चिकटलं ते चिकटलंच आणि वरचं अंग फिरलं. उजव्या गुडघ्यात 'कट्' झालं, दोन तासांत गुडघा टम्म. दुसऱ्या दिवशी गावात चोळून घेतलं, त्याने उलट जास्त दुखलं. चौथ्या दिवशी तालुक्याला १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीनवर एमआरआय केला. रिपोर्ट असा: एसीएलचा (गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे दोरी) हाय ग्रेड पार्शल टेअर, म्हणजे बरंचसं पण अर्धवट तुटलेलं, मीडिअल मेनिस्कसमध्ये (गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी) ग्रेड २ सिग्नल, सांध्यात पाणी, आणि सगळ्यात खाली 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं की अर्धवटच आहे, ब्रेस घाल, जुळून येईल. त्यानंतर गुडघा दोनदा सटकला, एकदा जिना उतरताना आणि एकदा अंगणात वळताना. म्हणून गेल्या आठवड्यात शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी गुडघा हाताने ओढून बघितला आणि म्हणाले एसीएल पूर्ण गेलंय, ऑपरेशन लागेल. पुण्याचे दाजी म्हणतात ११ हजार टाक आणि ३ टेस्लाचा 'ॲडव्हान्स' एमआरआय कर, निकाल लागून जाईल. वडील म्हणतात एकदा पैसे घातले, आता परत कशाला. आईला दोन काळज्या, गुडघ्यात स्क्रू बसला तर लग्नाचं काय, आणि परत परत एमआरआय करून शरीराला काही होत नाही ना. तिचा प्रश्न: "मॅडम, मशीन खरं की डॉक्टर खरे? आणि भरतीचं ग्राउंड चार महिन्यांवर असेल तर मी नेमकं काय करू?"

---

तुला 'तू'च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे मशीनच्या बाजूची. वीसेक वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे गुडघे बघतेय. त्यामुळे मी दाजींचीच री ओढेन असं तुला वाटलं असेल. पण नाही, निदान आत्ता तरी नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगते कारण अशी पत्रं मला बरीच येतात, खेळ बदलतो, कधी फुटबॉल असतो कधी बाइकवरून पडलेला पोरगा असतो, पण प्रश्न हाच, की रिपोर्ट एक म्हणतो आणि डॉक्टर दुसरं म्हणतात तर मोठं मशीन शोधू का.

पहिल्यांदा हे बघ की तू दोघांना एकाच गोष्टीचे साक्षीदार समजतेयस आणि म्हणून एक खोटा वाटतोय. पण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी बघितल्यात आणि वेगवेगळ्या दिवशी बघितल्यात. मशीनने चौथ्या दिवशी बघितलं, तू आडवी पडलेली, पाय सरळ, गुडघा अजिबात हलवायचा नाही अशी सक्त ताकीद, आणि त्या स्थितीत लिगामेंट दिसतं कसं ते त्याने टिपलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाचव्या आठवड्यात बघितलं आणि लिगामेंट दिसतं कसं हे नाही, ते धरून ठेवतं का हे बघितलं. तुमच्याकडे बैल असतील तर कासरा आठव. आतून कुजलेला कासरा खुंटीला टांगलेला असतो तेव्हा चांगला अखंड दिसतो, दोन-चार धागे निघालेत एवढंच, आणि बैलाने एक हिसडा दिला की कळतं. फोटो काढणारा म्हणेल अर्धवट आहे, ओढून बघणारा म्हणेल गेला, आणि दोघंही खरंच बोलतायत.

आता चौथ्या दिवसाचं. मार लागल्यावर दोन तासांत गुडघा सुजला म्हणजे आत रक्त भरलं असणार, पाणी व्हायला सहसा जास्त वेळ लागतो. त्या रक्तात आणि सुजेत एसीएलचे धागे वेगवेगळे दिसत नाहीत, सगळं मिळून एक पांढरट ढगासारखं दिसतं आणि त्यातून कुठे दोन-तीन काळे धागे जाताना दिसले तर आम्ही लिहितो पार्शल. आता खरं सांगते, आमच्या धंद्यातले लोक रागावतील, पण 'हाय ग्रेड पार्शल टेअर' हे शब्द कितीदा तरी निदान नसतात, ती आमची अडचण असते. पूर्ण तुटलंय असं म्हणवत नाही, शाबूत आहे असंही म्हणवत नाही.

त्यात एसीएल बेटं सरळ नाही. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाहेरच्या बाजूने निघतं आणि तिरकं येऊन नडगीच्या हाडावर पुढे चिकटतं, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब, आणि त्यात दोन जुड्या, पिळ दिल्यासारख्या. नेहमीच्या एमआरआयमध्ये मशीन गुडघ्याचे तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप पाडतं, अळूवडीचा उंडा कापावा तसे. उंडा सुरीला आडवा असेल तर प्रत्येक वडीत घड्या नीट दिसतात, तिरका ठेवून कापला की घड्या एकमेकीत मिसळतात. एसीएलचं तेच होतं, एका कापात थोडं लिगामेंट, थोडी बाजूची चरबी, थोडं रक्त. म्हणून पूर्ण तुटलेलं एसीएल असेल तर १.५ टेस्लाचं बऱ्यापैकी मशीन शंभरातले नव्वदच्या आसपास पकडतं, पण अर्धवट म्हणायची वेळ आली की हाच आकडा चांगलाच घसरतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'पूर्ण तुटलंय' असतं तर मी त्यावर बराच भरवसा ठेवला असता, 'पार्शल'वर मात्र कमी ठेवते.

माझा स्वतःचाच एक किस्सा सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाचा रिपोर्ट मी दिला, एसीएल बारीक वाटतंय पण सलग आहे. जुनी दुखापत, सात-आठ महिन्यांची. सर्जनचा फोन आला, मॅडम दुर्बीण घातली तर तिथे एसीएलच नाहीये, तुटलेलं टोक पीसीएलला, म्हणजे एसीएलच्या मागच्या दुसऱ्या लिगामेंटला, जाऊन चिकटलंय. मी फिल्म परत काढून बघितली आणि खरंच, सलग रेघ होती पण जिथून निघायला पाहिजे तिथून निघतच नव्हती. तो मुलगा पहिल्या दिवसापासून सांगत होता की गुडघा सटकतो. चिठ्ठीवर मात्र नुसतं 'एमआरआय राइट नी' एवढंच लिहिलेलं, आणि मीही त्याला बाहेर जाऊन विचारलं नाही. तेव्हापासून मी विचारते.

म्हणून ती शेवटची ओळ, 'क्लिनिकली कोरिलेट करावे', लोकांना वाटतं हात झटकायला लिहितात. काही जण लिहितातही तशी, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या रिपोर्टमध्ये तिचा सरळ अर्थ असा होता की मला चित्रात एवढं दिसतंय, पुढचं गुडघ्याला हात लावून ठरवा. आणि तुझ्या पत्रावरून तरी पहिल्या डॉक्टरांनी गुडघा तपासल्याचं दिसत नाही, रिपोर्ट वाचला. त्यांच्या बाजूने एवढं म्हणेन की चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघा इतका दुखत असतो आणि मांडीचे स्नायू इतके आखडलेले असतात की तपासणी धड होतही नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावून तपासायला पाहिजे होतं, ते राहिलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी जे केलं ती बहुतेक लॅकमन टेस्ट. गुडघा २०-३० अंशात थोडा वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. चांगलं एसीएल खट्कन थांबवतं, तुटलेलं थांबवत नाही, मऊ मऊ लागत पुढे येतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीतल्या जॉन लॅकमन ह्यांची ही पद्धत १९७६ मध्ये त्यांच्या शिष्याने लिहून काढली, आणि आज एवढी मशीनं आली तरी हाडांचे डॉक्टर पहिल्यांदा तेच करतात. त्याच्याही मागे जायचं तर पॅरिसच्या पॉल सेगाँ ह्यांनी १८७९ मध्ये मृतांचे गुडघे पिळून पिळून बघितले आणि नडगीच्या बाहेरच्या कडेचा एक छोटा टवका निघतो हे लिहून ठेवलं, म्हणजे एक्सरेचा शोध लागायच्या सोळा वर्षं आधी. आज एक्सरेवर तो टवका दिसला की आम्ही बाकी काही बघायच्या आधी एसीएल गेलं असणार असं धरून चालतो. तुझा साधा एक्सरे काढला होता का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर तो काढ, काही शे रुपयांचं काम आहे.

बरं, आता दाजींनी दिलेल्या त्या एमआरआय सेंटरच्या जाहिरातीच्या पत्रकाकडे येते, फोटो पाठवलास ते बरं केलंस. 'ॲडव्हान्स' हा शब्द मोठ्या अक्षरात आहे, त्याच्या खालचं एक एक बघू.

३ टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजार पटीच्या घरात. १.५ च्या दुप्पट, त्यामुळे सिग्नल जास्त, चित्र बारीक. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), बारीक चिरा, पूर्वी ऑपरेशन झालेला गुडघा, लहान सांधे, इथे फरक जाणवतो. एसीएल पूर्ण तुटलंय की नाही ह्या एका प्रश्नाला मात्र दोन्ही मशीनं साधारण सारखंच उत्तर देतात. गुडघ्याची स्वतंत्र कॉइल (गुडघ्याभोवती बसवतात ती सिग्नल पकडणारी चौकट) होती का, पेशंट हलला का आणि वाचणारा रोज गुडघे वाचतो का, ह्या तीन गोष्टींनी टेस्लापेक्षा जास्त फरक पडतो, पण पत्रकावर 'आमचे डॉक्टर रोज गुडघे वाचतात' असं कोणी छापत नाही.

थ्रीडी हे खरंच कामाचं आहे. ह्यात तीन-चार मिलिमीटरचे काप नसतात, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे बारीक चौकोनी ठोकळे असतात, त्यामुळे नंतर कॉम्प्युटरवर उंडा हव्या त्या दिशेने कापता येतो, एसीएलच्या रेघेतच, आणि दोन्ही जुड्या वेगळ्या बघता येतात. कंपनीप्रमाणे नावं बदलतात, कोणाचं स्पेस, कोणाचं क्यूब, कोणाचं व्हिस्टा. पण गंमत अशी की हे १.५ वरही होतं, आणि थ्रीडी नसलं तरी टेक्निशियनला सांगून एसीएलच्या दिशेने तिरके काप घेता येतात, चार-पाच मिनिटं जास्त लागतात एवढंच. सांगावं मात्र लागतं.

टी-टू मॅपिंग म्हणजे कूर्चेतल्या पाण्याचा रंगीत नकाशा. दिसायला फार सुंदर. कूर्चा झिजायला लागलीये का ह्यावर संशोधन करणाऱ्यांना उपयोगाचं, तुझं लिगामेंट तुटलंय का ह्याला त्याचा काही उपयोग नाही. ह्याचे वेगळे पैसे लावत असतील तर नको म्हण.

आणि एआय. लोकांना वाटतं एआय रिपोर्ट करतं. ह्या केंद्रांमध्ये एआय म्हणजे बहुतेकदा स्कॅन लवकर उरकायची युक्ती असते, कमी माहिती गोळा करायची आणि उरलेलं चित्र शिकवलेल्या प्रोग्रॅमने पूर्ण करायचं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि फेसबुकने २०१८ मध्ये ह्याच कामासाठी एक मोठा प्रकल्प सुरू केला आणि त्यातही सुरुवात गुडघ्यापासूनच केली. फायदा खरा आहे, वीस मिनिटांचं काम निम्म्यात झालं की दुखरा पाय कमी हलतो. एसीएल फाटलंय का हे चित्रावरून ओळखणारे प्रोग्रॅमही आहेत, स्टॅनफर्डच्या लोकांनी त्याच वर्षी १३७० गुडघ्यांवर एक शिकवून दाखवला. पण तोही बिचारा चित्रच बघतो, तुझा पाय अंगणात सटकला हे त्याला माहीत नाही.

मग एमआरआय परत करूच नये का? करावा लागतो कधी कधी. पहिला स्कॅन ०.३ टेस्लाच्या उघड्या मशीनवर झाला असेल, चित्रं हललेली असतील, मधे परत नवीन मार लागला असेल, किंवा ऑपरेशन ठरलंय आणि सर्जनला मेनिस्कस आणि कूर्चा नीट बघून तयारीने जायचंय, तर जरूर कर, ते पैसे वाया नाहीत. पण नुसतं कोण खरं हे ठरवायला करू नकोस, कारण समज ३ टेस्लावर 'निअर कम्प्लीट टेअर' असं लिहून आलं, तर? दाजी मग तिसरं मशीन शोधतील.

त्याआधी स्वस्तातलं काम कर. पहिल्या सेंटरवरून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ चित्रं घे, डायकॉम म्हणून सांग. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, आणि रिपोर्टचा व्हॉट्सॲप फोटो तर अजिबात नको. ती चित्रं सांध्यांचं काम करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टकडून परत वाचून घे, सोबत एका कागदावर सगळी हकीकत लिही, पाय कसा फिरला, आवाज आला का, किती वेळात सुजला, किती वेळा सटकला. वाचणाऱ्याला तीन गोष्टी मुद्दाम विचार. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या भागात आणि नडगीच्या मागच्या बाहेरच्या कडेला हाडाला मुका मार दिसतो का? नडगी पुढे सरकलीये का? पीसीएल वाकडं झालंय का? ह्या खुणा लिगामेंटच्या बाहेरच्या आहेत, पण गुडघा निखळून परत बसला तेव्हा हाडं कुठे आपटली ते त्या दाखवतात, आणि मुका मार काही आठवडे चित्रात टिकतो. धागे दिसत नसले तरी ह्या खुणा पुष्कळ बोलतात.

मेनिस्कसचं लगेच सांगते कारण 'ग्रेड २' वाचून लोकांची झोप उडते. ग्रेड २ सिग्नल म्हणजे गादीच्या आत थोडा बदल, तो कडेपर्यंत पोचलेला नाही, म्हणजे ती फाटलेली नाही. फाटलेली म्हणतात ती ग्रेड ३. ह्याला ग्रेड २ वरून पुढची पायरी ३, असं कॅन्सरसारखं समजू नकोस. मात्र एसीएलबरोबर आतल्या गादीचा मागचा शिवणीचा भाग कधी कधी उसवतो, त्याला रॅम्प म्हणतात, आणि तो सरळ पायाच्या एमआरआयमध्ये बरेचदा लपून राहतो आणि दुर्बिणीतून सापडतो. आणि गुडघा मधेच अडकून पूर्ण सरळच होत नसेल तर माझं हे सगळं बाजूला ठेव आणि त्याच आठवड्यात सर्जनला गाठ, गादीचा तुकडा मधे अडकलेला असू शकतो आणि त्याला थांबणं परवडत नाही.

(चाळिशीच्या पुढच्या वाचकांसाठी एक. तुम्हाला मार लागलेला नाही, गुडघा सटकत नाही आणि तरी रिपोर्टमध्ये एसीएल टेअर आलं, तर एकदा विचारा की हे म्युकॉइड डिजनरेशन तर नाही. वयाने लिगामेंट फुगतं, पांढरं दिसतं आणि फाटल्याचा भास होतो. पुस्तकात त्याला सेलरीच्या देठाची उपमा आहे, मी शिकाऊ डॉक्टरांना अळूचा देठ सोलून बघा म्हणते, फुगलेला असतो पण धागे टोकापर्यंत सलग. अशा एसीएलला नवीन लिगामेंट बसवायचं नसतं.)

आता तुझ्या पत्रातली दुसरी एक समजूत, आणि माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. तू धरून चाललीयेस की अर्धवट निघालं तर ऑपरेशन नाही आणि पूर्ण निघालं तर ऑपरेशन, म्हणजे फक्त टक्के कळायची खोटी. तसं नसतं गं. अर्धवट तुटलेलं एसीएल असूनही गुडघा सारखा सटकत असेल तर ते नसल्यात जमा. आणि पूर्ण तुटूनही काही जणांचा गुडघा स्नायूंच्या जोरावर स्थिर राहतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक नावाजलेला अभ्यास झाला, २०१० मध्ये आला, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन आणि बाकीच्यांना आधी व्यायाम, मग गरज वाटली तर ऑपरेशन. पाच वर्षांनी बघितलं तर व्यायामवाल्या ५९ जणांपैकी ३० जणांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं होतं, बाकीच्यांना ते लागलंच नव्हतं. त्यातल्या काहींच्या एमआरआयमध्ये तर लिगामेंट परत सलग दिसायला लागलं. उलट इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ३१६ जणांच्या, जुनी दुखापत होती आणि गुडघा सटकत राहिलेला, तिथे ऑपरेशनवाल्यांचं जास्त बरं झालं. दोन्ही एकत्र वाचलं तर तुझ्यासाठी प्रश्न टक्क्यांचा उरत नाही, गुडघा सटकतो का आणि तुला त्याच्याकडून काय करून घ्यायचंय, एवढाच उरतो.

पाच आठवड्यांत दोनदा सटकला, तोही घरच्या घरी, हे मला अजिबात आवडलेलं नाही. आणि तुला चढाई करायचीये. थांबून, एका पायावर वळून, घोटा धरलेला असताना अंग सोडवायचं, म्हणजे एसीएलचं जे जे काम आहे तेच कबड्डी मागते. पत्रावरून निदान करत नाही, पण मॅटवर परत चढाया करायच्याच असतील तर शेवट बहुतेक ऑपरेशनकडे जाईल असं मला वाटतं, आणि ते वाटायला मला ३ टेस्ला लागलं नाही.

भरती मात्र वेगळी आहे, आणि तू दोन्ही एकाच पिशवीत घातलंयस. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. सरळ पळायला एसीएल तितकंसं लागत नाही, एसीएल नसलेले कितीतरी जण ताकद आल्यावर सरळ रेषेत व्यवस्थित पळतात. गोळा फेकताना पायावर फिरतेस तिथे धोका, त्याला जागेवरून फेकायची पद्धत आहे, मार्क थोडे कमी पडतील. म्हणजे ग्राउंड खरंच चार महिन्यांवर असेल आणि घरासाठी ती नोकरी आधी असेल, तर आधी व्यायाम, मग भरती, मग ऑपरेशन, असा क्रम बसू शकतो, फक्त एका अटीवर, की मधल्या काळात गुडघा सटकता कामा नये. दर सटकण्याला गादी आणि कूर्चा मार खातात आणि ते नंतर भरून येत नाही. सटकतच राहिला तर ह्या वेळची भरती सोडावी लागेल, हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. आत्ता ऑपरेशन करून चार महिन्यांत ग्राउंड मारू हा विचार मात्र सोड, तो कोणी सुचवला असेल तरी. ऑपरेशननंतर खेळात उतरायला निदान नऊ महिने, आणि हे उगीच सांगत नाही, नॉर्वेच्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत थांबलेल्या दर महिन्यागणिक परत दुखापत व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्याने खाली येत गेलं. भरतीच्या मेडिकलला गुडघा लपवायचा बेत असेल तर तोही नको.

ब्रेस घालून बसून राहण्याचे दिवस आता संपले. चांगल्या फिजिओकडे जा, मसाजवाल्याकडे नाही, आणि चोळणं पूर्ण बंद. पहिलं ध्येय, गुडघा दुसऱ्या पायाइतकाच सरळ झाला पाहिजे, पालथी झोपून दोन्ही टाचा एका रेषेत येतात का ते आईला बघायला सांग. मग सूज जायला हवी. मग मांडीचा पुढचा स्नायू, पाच आठवड्यांत तो किती बारीक झाला असेल ते टेपने मोजशील तर दचकशील, वाटीच्या वर चार बोटं धर आणि दोन्ही मांड्या मोज. हे सगळं ऑपरेशन ठरलं तरी लागतंच, सुजलेल्या आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर तो नंतर कायमचा आखडायची भीती असते. त्यामुळे ह्या तयारीच्या सहा ते आठ आठवड्यांत तुझं काहीच वाया जात नाही. त्या शेवटी परत तपासून घे, दुसऱ्या डॉक्टरांकडेच किंवा खेळाडूंचे गुडघे करणाऱ्या तिसऱ्या कोणाकडे, आणि त्यांना आधी डावा गुडघा तपासायला सांग, काही मुलींचे दोन्ही गुडघे मुळातच सैल असतात. ऑपरेशन ठरलं तर तो दवाखाना जन आरोग्य योजनेत आहे का आणि हे त्यात बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचार, दाजींना नको.

आईला सांग, दुर्बिणीच्या दोन-तीन बारीक छेदांचं आणि नवीन लिगामेंटसाठी टेंडन, म्हणजे स्नायूच्या टोकाची दोरी, काढतात तिथल्या छोट्या कापाचं असं मिळून जे व्रण राहतात ते साडीत काय, सलवारीतही दिसत नाहीत, आणि मांडी घालून बसणं, जिना, बाळंतपण, कशालाच अडथळा नाही. सटकणारा गुडघा घेऊन डोक्यावर घागर आणि हातात पोर घेऊन उंबरा ओलांडणं, ते मात्र मला तिच्या जागी असते तर जास्त काळजीचं वाटलं असतं.

आणि तिचा दुसरा प्रश्न, एमआरआयने काही होतं का. एक्सरे, सीटीसारखे किरण ह्यात नसतात, फक्त चुंबक आणि रेडिओ लहरी, त्यामुळे दोनदा केला तरी त्याचा साठा होत नाही. एसीएलसाठी इंजेक्शनही लागत नाही, कोणी द्यायला निघालं तर कशासाठी ते विचार. गुडघ्याच्या स्कॅनला पाय आधी आत जातात आणि डोकं बरंचसं बाहेर राहतं, त्यामुळे गुदमरण्याची फार भीती नाही, आवाज तेवढा ठणाठणा होतो, कापूस देतात. पूर्वी कुठे प्लेट, स्क्रू, डोळ्यात धातूचा कण गेलेला असेल तर आधी सांगायचं. आणि तालुक्याला गेलीस तेव्हा पैंजण निघेना म्हणून अर्धा तास गोंधळ झाला असं लिहिलंयस, तर परत जायची वेळ आलीच तर ते घरीच सोनाराकडून काढून ठेव.